मुंबईहून एंगाडिनला: स्कीइंग कधी करावं, राष्ट्रीय उद्यान कधी पाहावं

‘स्कीइंगही करू आणि तिथलं नॅशनल पार्कही बघून येऊ’ असं म्हणत फेब्रुवारीची तिकिटं काढून मोकळी झालेली दोन कुटुंबं माझ्या ओळखीची आहेत. दोघांनाही तिथे पोचल्यावर कळलं की स्विस राष्ट्रीय उद्यान हिवाळाभर बंद असतं. सेंट मॉरिट्झचे स्कीचे उतार आणि हे उद्यान एकाच खोऱ्यात आहेत, स्वित्झर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातल्या एंगाडिनमध्ये. रेल्वेने जेमतेम तासाभराचं अंतर. पण दोघांचे हंगाम वेगळे. त्यामुळे पहिलं काम हॉटेल शोधण्याचं नाही, महिना ठरवण्याचं आहे.

महिना ठरवा

स्की शिकायची असेल तर मार्च. दिवस मोठा झालेला असतो, ऊन असतं आणि नवशिक्याच्या बोटांना जानेवारीइतका गारठा सोसावा लागत नाही. फेब्रुवारीत स्विस शाळांना सुट्या असतात, तेव्हा गर्दी आणि भाडी दोन्ही चढलेली असतात. मार्चचा दुसरा रविवारही टाळा. त्या दिवशी मालोयापासून श्चान्फपर्यंत ४२ किलोमीटरची एंगाडिन स्की मॅरेथॉन असते आणि आसपासच्या गावांत खोली मिळणं अवघड जातं.

उद्यान पाहायचं असेल तर जून ते ऑक्टोबर. मला विचाराल तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. कारण पुढे येईलच. एकाच फेरीत दोन्ही उरकायचा अट्टहास करू नका. पैसे एकाच फेरीचे असतील आणि घरात आजीआजोबा किंवा लहान मुलं असतील, तर मी सप्टेंबर निवडेन.

व्हिसा आणि विमा

व्हिसा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. मुंबईत मे महिन्याच्या सुटीच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं कठीण होतं, तेव्हा मार्चला जायचं असेल तर डिसेंबरातच कागदपत्रं गोळा करायला घ्या.

किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. पण साध्या प्रवास विम्यात स्कीइंग बहुधा वगळलेलं असतं. पॉलिसीत ‘विंटर स्पोर्ट्स’ हे शब्द स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, एजंटच्या तोंडी आश्वासनावर राहू नका. स्वित्झर्लंडमध्ये उतारावरून जखमी माणसाला घसरगाडीवरून खाली आणलं तरी त्याचं बिल येतं. हेलिकॉप्टर बोलवावं लागलं तर ते फार मोठं असतं. डोंगरातल्या हवाई बचावाचा क्रमांक १४१४, सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक ११२. दोन्ही फोनमध्ये घालून ठेवा.

तिथे पोचायचं कसं

मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे आणि झुरिकला विमानतळाच्या पोटातच रेल्वे स्टेशन आहे. स्कीसाठी जाणार असाल तर कूरला गाडी बदलून अल्बुला मार्गाने सेंट मॉरिट्झला जा. रेशियन रेल्वेचा हा मार्ग २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्यावरचा लांडवासर पूल ६५ मीटर उंच आहे. त्यावरून वळण घेत गाडी थेट समोरच्या कड्यातल्या बोगद्यात शिरते. उद्यानासाठी उतरायचं ते त्सेर्नेत्सला. तिकडे लांडक्वार्टवरून, व्हेराइना बोगद्यातून जाता येतं. हा बोगदा १९ किलोमीटरचा आहे, म्हणजे कोकण रेल्वेच्या करबुडे बोगद्याच्या जवळजवळ तिप्पट.

उंचीचा अंदाज असू द्या. सेंट मॉरिट्झचं रेल्वे स्टेशन १७७५ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६. पहिल्या दिवशी धाप लागली तर घाबरू नका. भरपूर पाणी प्या, लवकर झोपा आणि वरच्या केबल कारचा बेत दुसऱ्या दिवसावर ढकला.

सामान: काय न्यायचं, काय नाही

स्कीचे कपडे मुंबईत विकत घेऊ नका. स्की, बूट, काठ्या, हेल्मेट हे सगळं तिथे भाड्याने मिळतं. जाकीट-पँटही बऱ्याच ठिकाणी मिळते. मुंबईतून न्यायचे ते थर्मलचे दोन जोड, चांगला गॉगल आणि भरपूर सनस्क्रीन. जीन्स अजिबात नको. ती भिजली की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. लांब लोकरी मोजे घ्या, पण बुटात एकावर एक दोन घालू नका. सुरकुती पडते आणि तासाभरात पायाला फोड येतो. सप्टेंबरसाठी सह्याद्रीत वापरलेले ट्रेकिंगचे बूट आणि पावसाळी जाकीट पुरेल.

खाण्याचं: चटणी, मेतकूट, भाजलेल्या रव्याचं उपम्याचं पीठ खुशाल न्या. तूप, पेढे, पनीर आणि मांसाचे पदार्थ मात्र नकोत. युरोपबाहेरून प्राणिजन्य पदार्थ नेण्यावर तिथे बंदी आहे. त्यामुळे लाडू करायचेच असतील तर तेलातले. तिथली अक्रोडाची नुसटॉर्टे जरूर खा. गावातल्या चौकातल्या कारंज्याचं पाणी, ‘पिण्यास अयोग्य’ अशी पाटी नसेल तर, बिनधास्त बाटलीत भरा.

स्कीचे पहिले तीन दिवस

तयारी घरीच सुरू करा. सहा आठवडे रोज उठाबशा, जिने, आणि भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं मिनिटभर थांबणं. रविवारी बोरिवलीच्या उद्यानात कान्हेरीपर्यंत चढून या.

तिथे गेल्यावर स्की स्कूलचा किमान तीन दिवसांचा गट-वर्ग घ्या. नवऱ्याकडून किंवा मित्राकडून शिकायला जाऊ नका. नवशिक्यांना सेंट मॉरिट्झच्या झगमगाटापेक्षा झुओत्ससारखं छोटं, घरगुती गाव जास्त मानवतं.

बूट घालताना घोट्याभोवती घट्ट आवळा. उभं राहिल्यावर नडगी बुटाच्या पुढच्या जिभेला टेकलेली जाणवली पाहिजे. उतार दिसला की आपलं शरीर आपसूक मागे झुकतं, आणि नेमकं तेच चुकतं, कारण वजन मागे गेलं की स्कीचं टोक हलकं होतं आणि ती ताब्यात राहत नाही. हात पुढे, गुडघे किंचित वाकलेले, नजर दहा-पंधरा हात लांब. थांबायचं असेल तर दोन्ही टोकं जवळ आणि टाचा बाहेर, तंबूच्या आकारात. हा तंबू जितका रुंद कराल तितका वेग कमी. पडणार असं वाटलं तर बाजूला पडा. उठताना आधी दोन्ही स्की उताराला आडव्या करा, मग अंगाखाली घ्या. हे न करता उठायला गेलात तर उठता उठताच पुन्हा घसरता. पहिल्या सकाळी मी हे किमान सहा वेळा केलं आणि सातव्यांदा प्रशिक्षकाने नुसतं बोटाने स्कीकडे दाखवलं, तेव्हा उमगलं.

निळा उतार सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. पहिला आठवडा निळ्यावरच काढा. पुढे असलेल्या माणसाचा हक्क पहिला. मागून येणाऱ्याने वाट काढायची, हा तिथला पक्का नियम. खुणेच्या खांबांबाहेरचा कोरा बर्फ कितीही बोलावत असला तरी जाऊ नका. तिथे हिमस्खलनाचा धोका असतो.

घरातल्या ज्यांना स्की करायची नाही, त्यांच्यासाठी ३०५७ मीटर उंच पित्स नाइरला केबल कार जाते. १९२८ आणि १९४८ अशी दोन हिवाळी ऑलिंपिक सेंट मॉरिट्झने पाहिली आहेत. गुलाबी पाट्या लावलेल्या, बर्फ दाबून केलेल्या पायवाटाही आहेत. साध्या बुटांनी चालता येतात.

उद्यानात

हे उद्यान १ ऑगस्ट १९१४ रोजी स्थापन झालं. आल्प्समधलं हे सर्वांत जुनं. क्षेत्रफळ सुमारे १७० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दीडपटीहून मोठं. प्रवेश फुकट आहे, पण नियम कडक: पायवाट सोडायची नाही, फूल तोडायचं नाही, दगडही उचलायचा नाही. कुत्रा, सायकल, ड्रोन, तंबू, चूल काही नाही. विसावायचं तेही पिवळ्या खुणांनी आखलेल्या जागेतच. पडलेलं झाड तिथेच कुजतं, कोणी हलवत नाही.

हिवाळ्यात दार बंद का, हे समजून घ्या. बर्फात शामोआ आणि आयबेक्स हे रानशेळीसारखे डोंगरी प्राणी उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर जगतात आणि हालचाल कमीत कमी ठेवतात. माणसाला बुजून खोल बर्फातून एकदा पळ काढला तर ती शिदोरी संपते आणि वसंत ऋतू दिसत नाही. आयबेक्स इथून नाहीसे झाले होते, १९२० मध्ये परत आणून सोडले. दाढीवालं गिधाड १९९१ पासून पुन्हा सोडायला सुरुवात झाली. इतक्या कष्टांनी परत आणलेल्या जिवांसाठी आपण सहा महिने बाहेर थांबावं, हे मला पूर्ण पटतं. हिवाळ्यातच गेलात तर त्सेर्नेत्सहून ओफेन घाटाची पिवळी पोस्ट बस पकडा. रस्ता उद्यानातूनच जातो, खिडकीतून जेवढं दिसेल तेवढं पाहा.

सप्टेंबरात गेलात तर पहिला दिवस त्सेर्नेत्सच्या अभ्यागत केंद्रात नकाशा घेण्यात आणि वाट खुली आहे का ते विचारण्यात घालवा. दुसऱ्या दिवशी मार्गुनेटची फेरी करा: इल फुओर्नच्या आसपास बसने उतरायचं, २३२८ मीटरच्या खिंडीवर चढायचं, तीनेक तासांत खाली यायचं. पायात जोर असेल तर एक रात्र क्लुओत्साच्या लाकडी झोपडीत काढा; त्सेर्नेत्सहून तीन तास चालत जावं लागतं, चालण्यावाचून पर्याय नाही, आणि जागा आधी राखून ठेवावी लागते.

एक अख्खा दिवस व्हाल ट्रुपचुन या दरीसाठी ठेवा. श्चान्फहून वाट सुरू होते आणि ओढ्याच्या काठाने हळूहळू चढते. सप्टेंबरच्या मध्यापासून तांबड्या हरणांचे नर माजावर येतात. वरच्या कुरणाजवळ पिवळ्या खुणांच्या आत बसा, दुर्बीण काढा, बोलणं बंद करा. आधी काहीच दिसत नाही. मग समोरच्या उतारावरून एक खर्जातली, घसा खरवडल्यासारखी हाक येते, पलीकडून दुसरी तिला उत्तर देते, आणि आवाजाच्या मागे डोळे नेले की लार्चच्या झाडांत शिंगं हलताना दिसतात. ही हाक सकाळी लवकर आणि दुपार कलल्यावर जास्त ऐकू येते, म्हणून डबा बरोबर ठेवा आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ निघतानाच लिहून घ्या.