टूलपाथ टेम्प्लेट वापरताना या चुका टाळा

सीएनसी मशीनवर सारखेच जॉब येत असतील तर फेसिंग, रफिंग, ड्रिलिंग ही ऑपरेशन्स दर वेळी नव्याने भरत बसण्यात अर्थ नाही. फ्यूजन, मास्टरकॅम, एनएक्स, टूलपाथ (टूलचा मार्ग) काढणाऱ्या या सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये ऑपरेशन्सचा संच टेम्प्लेट म्हणून साठवून पुढच्या जॉबवर टाकता येतो. गोची अशी की त्या संचाबरोबर मागच्या जॉबचे आकडेही साठवले जातात.

सगळ्यात महाग पडते ती उंची. माझ्या एका टेम्प्लेटमध्ये क्लिअरन्स हाइट (टूल ज्या उंचीवरून मोकळं फिरतं ती) झेड २५, म्हणजे वरच्या फेसपासून २५ मिमी, अशी थेट लिहिलेली होती. पहिला जॉब वाईसमध्ये पकडलेला, त्यामुळे काही अडलं नाही. महिन्याभराने तेच टेम्प्लेट मी एका प्लेटवर टाकलं. ती स्ट्रॅप क्लॅम्पने टेबलावर आवळलेली, बोल्टचं टोक वरच्या फेसपासून ३२ मिमी वर. सिम्युलेशनमध्ये क्लॅम्प घेतलेच नव्हते, म्हणून पडद्यावर सगळं हिरवंगार! एका पॉकेटवरून (कोरलेल्या खोलगट भागावरून) दुसऱ्याकडे रॅपिडने, म्हणजे न कापता पूर्ण वेगाने जाताना एंडमिल (कापणारं टूल) बोल्टला भिडलं. ऑपरेटरने इमर्जन्सी दाबेपर्यंत टूल गेलं होतं.

तेव्हापासून मी रिट्रॅक्ट (कापून झाल्यावर टूल वर येतं ती उंची) स्टॉकच्या, म्हणजे कच्च्या तुकड्याच्या वरच्या फेसपासून मोजतो, तळ निवडलेल्या कंटूरवरून (कडेवरून) घेतो आणि क्लॅम्प मॉडेलमध्ये बसवल्याशिवाय क्लिअरन्स ठरवत नाही.

दुसरी चूक आरपीएम आणि फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) साठवण्याची. ईएन८ स्टीलला १० मिमीचं चार दातांचं कार्बाइड एंडमिल, कटिंग स्पीड मिनिटाला १२० मीटर, दाताला ०.०५ मिमी धरलं तर ३८२० आरपीएम आणि मिनिटाला ७६४ मिमी फीड येतं. त्याच टेम्प्लेटमध्ये ६ मिमीचं टूल टाकलं आणि आकडे तसेच राहिले, तर कटिंग स्पीड ७२ मीटरवर घसरतो, आणि दातावरचा भार मात्र मोठ्या टूलचाच राहतो. बारीक टूल असं मोडलं की आपण टूलच्या कंपनीला शिव्या घालतो. कटिंग स्पीड आणि दातामागचं फीड साठवा, आरपीएम सॉफ्टवेअरला काढू द्या. १२० मीटरला ६ मिमीचं टूल ६३६६ आरपीएम मागतं, त्यामुळे स्पिंडल ६००० चं असेल तर फीडही त्या प्रमाणात उतरवा. स्टेपओव्हरही (दर फेरीला टूल किती बाजूला सरकतं ते) मिमीत न लिहिता व्यासाच्या टक्क्यात लिहा. एसएस३०४ या स्टेनलेस स्टीलसाठी मात्र टेम्प्लेट वेगळंच ठेवा, ईएन८ च्या नावाखाली ते चालवू नका.

फ्यूजनमध्ये टेम्प्लेटबरोबर टूलची प्रत जाते. लायब्ररीत नंतर होल्डर (टूल पकडणारा भाग) बदललात तरी जुन्या टेम्प्लेटला त्याचा पत्ता नसतो.

टेम्प्लेट टाकलं आणि टूलपाथ रिकामाच आला, किंवा एखादं पॉकेट गाळलं गेलं, तर आधी रॅम्प (टूल मटेरियलमध्ये हळूहळू उतरतं तो मार्ग) बघा. हेलिक्सचा (गोल फिरत खाली उतरण्याच्या मार्गाचा) किमान व्यास ८ मिमी साठवलेला असेल तर १० मिमीच्या टूलला उतरायला १८ मिमीची जागा लागते, १२ मिमीच्या पॉकेटमध्ये ते उतरणार कुठून? रॅम्प ठीक असेल तर टॉप आणि बॉटमच्या उंच्या उलट्या झाल्यात का ते पाहा. रेस्ट मशीनिंग (आधीच्या टूलने सोडलेलं मटेरियल काढणं) असेल तर त्याच्या आधीचं ऑपरेशन या जॉबवर आहे ना, तेही तपासा.