त्रासाला नाव द्या, माणसाला नको

‘मी भित्राच’ म्हटलं की वाट तिथंच खुंटते. माणूस वेगळा, त्रास वेगळा, इथून कथनोपचार, म्हणजे स्वतःची गोष्ट नव्यानं सांगत करायचा मानसोपचार (नॅरेटिव्ह थेरपी), सुरू होतो. ऑस्ट्रेलियातले मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडमधले डेव्हिड एप्स्टन यांनी 1980 च्या दशकात ही पद्धत घडवली.

वही घ्या, रंकाळ्याच्या कठड्यावर बसलात तरी चालतंय. त्रासाला स्वतःच्या शब्दांत नाव द्या. कुस्ती सुटलेला तालमीतला पोरगा ‘धसका’ म्हणेल. पुस्तकी ‘नैराश्य’ नको. उसनं नाव चिकटत नाही. मग लिहा: धसका कधी येतो, कुणाच्या बोलण्यानं चढतो, झोपेचं-जेवणाचं काय करतो?

खरी मेख पुढं. धसक्याचं चाललं नाही असा एक प्रसंग शोधा. बारीकसा चालतो: मंगळवारी पोरगा आखाड्यापर्यंत गेला, माती कपाळाला लावून परतला. ते कसं जमलं, कशासाठी केलं, पाहिलं कुणी? वस्तादांनी पाहिलं असेल तर त्यांना ऐकवा. साक्षीदार मिळाला की गोष्ट टिकते.

बरेचजण घाईनं नुसती गोडगोड गोष्ट रचतात. प्रसंगाचा आधार नसल्यानं ती दोन दिवसांत गळते. आणि त्रास वेगळा म्हटला तरी बायकोला मारणाऱ्यानं ‘राग आला’ म्हणून सुटायचं नाही. तिथं जबाबदारी त्याचीच.

जीव नकोसा वाटत असेल तर वही बाजूला ठेवा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा.