पूल, बसमार्गिका की पदपथ? निर्णयाचं कोष्टक असं मांडा

पुण्यात एखाद्या रस्त्याच्या कोंडीवर बैठक भरली की थोड्याच वेळात ‘पूल हवा’ आणि ‘पूल नको’ असे दोन गट पडतात. मी वाहतूक नियोजन शिकवते आणि नागरिकांच्या गटांबरोबर अशा प्रश्नांचं बहुनिकष विश्लेषण करते, म्हणजे प्रत्येक पर्याय अनेक निकषांवर जोखून, गुण देऊन त्यांची तुलना करते. त्यासाठी फळा, खडू आणि दोन तास पुरतात.

आधी पर्याय लिहा. त्यात ‘आहे तसं राहू द्या’ हाही पर्याय असलाच पाहिजे, नाहीतर नव्या कामाने खरंच काही सुधारतं का, हे कळत नाही. मग अटी वेगळ्या काढा. अग्निशमन दलाची गाडी आत जाऊ शकत नसेल तर त्या पर्यायाला कमी गुण देऊन भागत नाही, तो बादच करायचा.

निकष पाच-सहा पुरे. वेग, प्रवासाचा वेळ आणि इंधनबचत असे तीन रकाने केलेत तर एकच फायदा तीनदा मोजला जातो. वेळ मोजायचा तो माणसांचा. रस्ता माणसांच्या ये-जा करण्यासाठी आहे, वाहनांच्या नाही, हे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच आहे. पीएमपीच्या बसमध्ये पन्नास जण असतील तर त्या बसचं वाचलेलं एक मिनिट म्हणजे पन्नास मिनिटं. पुण्यासाठी आणखी एक निकष मी आग्रहाने घालते: पुढच्या योजनांशी मेळ. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २०२० मध्ये पाडले गेले, कारण तिथूनच मेट्रो आणि नवा दुमजली पूल न्यायचा होता.

आता गुण द्या. प्रत्येक निकषावर सगळ्यांत वाईट पर्यायाला ०, सगळ्यांत चांगल्याला १००, बाकीचे मधे.

खरी मेहनत भारांक, म्हणजे कुठल्या निकषाला किती वजन द्यायचं ते, ठरवण्यात आहे, आणि इथे घाई करू नका. ‘वेळ महत्त्वाचा की सुरक्षा?’ असं विचारलं की लोक आपापली मूल्यं सांगतात आणि गणित बिघडतं. समजा, सगळ्या पर्यायांत मिळून वेळेचा फरक दोनच मिनिटांचा आहे. मग वेळ कितीही मोलाचा असो, या निर्णयात त्याला भार कमीच मिळायला हवा. म्हणून असं विचारा: सगळेच निकष ० वर असताना एकच १०० वर नेता आला, तर कुठला न्याल? त्याला १०० द्या. बाकीच्यांची झेप त्याच्या किती टक्के मोलाची, ते ठरवा. हे विचारताना दुकानदार आणि गाडीवाले तर असतातच. शाळकरी मुलांच्या आया, बसथांब्यावर उभे राहणारे आणि काठी टेकत रस्ता ओलांडणारे आजोबाही खोलीत हवेत. ते नसतील तर बैठक पुढे ढकला.

एक काल्पनिक उदाहरण, तीनच निकषांचं. गटाने सुरक्षेला १००, वेळेला ६० आणि खर्चाला ४० दिले. बेरीज २००, म्हणून भारांक ५०, ३० आणि २० टक्के. गुण सुरक्षा, वेळ, खर्च याच क्रमाने:

बसमार्गिका: ६०, १००, ७०
रुंद पदपथ आणि सशुल्क पार्किंग: १००, ४०, ८०
उड्डाणपूल: ०, ८०, ०
आहे तसं: २०, ०, १००

प्रत्येक गुणाला त्याच्या भारांकाने गुणून बेरीज केली की पदपथ ७८, बसमार्गिका ७४, आहे तसं ३०, पूल २४.

इथे थांबू नका. सुरक्षेचा भार ५० वरून ४५ वर आणा, वेळेचा ३५ करा. बसमार्गिका ७६ आणि पदपथ ७५! म्हणजे पहिल्या दोघांतला निकाल निसटता आहे. त्यांच्या मापांची पुन्हा तपासणी करा, किंवा दोन्ही एकत्र बसतात का ते रस्त्याची रुंदी मोजून पाहा. पूल मात्र तिन्ही निकषांवर बसमार्गिकेच्या मागे आहे. भार कसेही फिरवा, तो तिच्या पुढे जाणार नाही. बैठकीतला सगळा आवाज ज्या पर्यायावरून होता, तो असा आपोआप बाजूला होतो, आणि हे लोकांना फळ्यावर स्वतः दिसतं याचं मला फार मोल वाटतं.

गणितज्ञ थॉमस साटी यांची निकषांची जोडीजोडीने तुलना करण्याची, १ ते ९ मापाची पद्धतही वापरात आहे. पण सात निकषांना त्यात २१ तुलना लागतात. नागरिकांच्या बैठकीत मी ती घेत नाही.

क्षेत्रीय कार्यालयात निवेदन देताना नुसती अंतिम बेरीज पाठवू नका. गुण कुठल्या मोजणीवरून दिले, भारांक ठरवताना कोणकोणत्या घटकांतले लोक हजर होते आणि कुठला भार किती हलवला की क्रम बदलतो, हे तिन्ही तक्ते सोबत जोडा. दुकानदारांचे भारांक वेगळे आले असतील तर त्यांची सरासरी काढून लपवू नका. त्यांचा रकाना वेगळा दाखवा.