गावात सोलर किंवा खाण येऊन राह्यली? आधी कागद पाहा, मग हार-तुरे

सबस्टेशनच्या आजूबाजूला जमीन पाहत फिरणारे एजंट आता आपल्या इकडं गावोगावी दिसून राह्यले, अन् वणी-चंद्रपूर-उमरेड पट्ट्यात कोळशाच्या नोटिसा तर जुन्याच. दोन्हीकडं लोक एकच करतात, आधी सही मारतात अन् मग वकील शोधतात. तवा वकील तरी काय करणार?

सरपंचाला भेव वाटते की वकील आणला तर कंपनी दुसऱ्या गावात जाईल. नाही जात हो. कंपनीले कर्ज देणारी बँक जमिनीचा जुना रेकॉर्ड खणून काढते, त्यात एक वारस सुटला तरी फाईल अडकते, म्हणून ज्या गावाचे कागद साफ त्या गावात प्रोजेक्ट लवकर उभा राहते. अन् वकील घेणं काही कमीपणाचं नाही, तिकडं आफ्रिकेतली सरकारंसुद्धा खाणीचे अन् विजेचे करार करताना बाहेरून कायद्याची मदत घेतात, आफ्रिकन डेव्हलपमेंट बँकेच्या आधारानं आफ्रिकन लीगल सपोर्ट फॅसिलिटी नावाची संस्थाच त्यासाठी उभी केली आहे. अख्ख्या देशाला लागते तर आपल्या ग्रामपंचायतीले काहून नको?

वकिलाचे पैसे नसतील तर तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. बाई असेल, एससी-एसटी असेल, दिव्यांग असेल तर उत्पन्न न पाहता फुकट, बाकीच्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. केस असलीच पाह्यजे असं काही नाही, कागदावर सल्लाही मिळतो. फोन 15100. घरातल्या बाईच्या नावानं सातबारा असेल तर अर्ज तिच्याच नावानं टाका.

आता सोलरचं बोलू, कारण फसगत इथंच जास्त होते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये (शेतीपंपाले दिवसा सोलरची वीज द्यायची सरकारी योजना) खाजगी जमिनीचं भाडं हेक्टरी वर्षाला कमीत कमी 1 लाख 25 हजार, अन् दरवर्षी 3 टक्के वाढ. म्हणजे एकरी साधारण 50 हजार. एजंट एकरी 35-40 हजार म्हणत असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा की हा प्रोजेक्ट या योजनेतला आहे की दुसरा, अन् मधले पैसे कोणाच्या खिशात चालले. वाढ कशावर तेही लिहून घ्या, मागच्या वर्षीच्या भाड्यावर की पहिल्या वर्षीच्या, 25-30 वर्षांत लय फरक पडते. ग्रामपंचायतीलाही या योजनेत वर्षाला 5 लाख असे 3 वर्षं मिळतात, ते ठरावात आलं पाह्यजे.

सहीच्या आधी सातबारा अन् फेरफार काढा. पीककर्जाचा बोजा आहे का, बहिणींची नावं लागली का, मोजणी झाली का. वर्ग 2 ची जमीन (सरकारी परवानगीशिवाय दुसऱ्याले देता येत नाही ती) असेल तर परवानगीचं आधी पाहा. आदिवासी खातेदाराची असेल तर महसूल संहितेचं कलम 36अ लागते, तिथं बिगर आदिवासीले भाड्यानं द्यायलाही कलेक्टरची मंजुरी पाह्यजे, नुसत्या स्टॅम्पपेपरवर काही होत नाही. अन् एका वर्षाच्या वरचा भाडेपट्टा रजिस्टर करावाच लागते, नोटरी म्हणजे रजिस्ट्री नव्हे, हे एजंटले तोंडावर सांगा.

करार इंग्रजीत येईल. मराठी प्रत मागा अन् दोन्हीत फरक निघाला तर कोणती धरायची ते त्यातच लिहा. मग वकिलाले या गोष्टी बोट ठेवून विचारा: भाडं कोणत्या तारखेला, उशीर झाला तर व्याज किती, कंपनी कर्जासाठी काय गहाण ठेवू शकते (फक्त भाडेपट्ट्याचा हक्क, मालकी नाही म्हणजे नाही), कंपनी विकली गेली तर नवीन मालकावर हाच करार बंधनकारक का, करार मोडायचा हक्क एकट्या कंपनीलेच आहे का. भांडण झालं तर मुंबई-दिल्लीत लवाद (कोर्टाबाहेरचा निवाडा) अशी एक ओळ मागच्या पानावर असते, ती बदलून आपल्या जिल्ह्यात आणा, नाहीतर भाड्यापेक्षा तिकिटाचा खर्च जास्त. मुदत संपल्यावर खांब, पाया, केबल, फुटलेल्या प्लेटा कोण उचलणार हेही लिहा, अन् त्यासाठी रक्कम आधीच बाजूला ठेवून घ्या, काळ्या जमिनीतून काँक्रीट उपसणं सोपं काम नाही. पांदण रस्ता अन् नाल्याचं पाणी वळवू नये ही अटही टाका, नाहीतर पहिल्याच पावसात शेजाऱ्यासंग भांडण.

खाणीचं गणित वेगळं, तिथं भाव करायला टेबलच नसते, तारखा असतात. कोळशासाठी 1957 चा कोल बेअरिंग कायदा चालतो. कलम 4 ची अधिसूचना म्हणजे शोध घेणार, कलम 7 म्हणजे जमीन घ्यायचा इरादा, अन् त्यानंतर 30 दिवसांत लेखी हरकत टाकायची असते. हे राजपत्रात येते, दवंडी येत नाही, म्हणून एका पोराले हेच काम द्या. मोबदला 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या हिशेबानं मागा, त्यात 100 टक्के दिलासा रक्कम आहे, म्हणजे मोबदल्याइतकेच पैसे वरून, विहीर अन् झाडं वेगळी मोजतात म्हणून फोटो तारखेसकट आधीच काढून ठेवा.

खाणीच्या पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी लागली तर 30 दिवस आधी नोटीस पाह्यजे अन् पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीत. तो कलेक्टर अन् जिल्हा परिषद ऑफिसात पाहायला मिळते. तिथं नुसतं ओरडू नका, लेखी निवेदन देऊन पोच घ्या, बोललेलंही नोंदवायला लावा. पेसा गाव (आदिवासी भागातलं, जिथं ग्रामसभेले कायद्यानं जास्त हक्क आहेत) असेल, गडचिरोलीत तर आहेतच, तर ग्रामसभेचा ठराव अन् वनहक्काचे दावे आधी पक्के करा. ठराव वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका, रिकाम्या रजिस्टरवर तर बिलकुल नाही.

खाण आधीपासून चालू असेल तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा विसरू नका. 2015 पासून खाणवाल्यांना रॉयल्टीसोबत (खनिजासाठी सरकारले द्यायची रक्कम) त्यात भर टाकावी लागते, जुन्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या 30 टक्के, लिलावातल्यांना 10 टक्के. पैसा बाधित गावांसाठीच आहे, पाणी, दवाखाना, शाळा यांच्यावर. आपलं गाव बाधित यादीत आहे का ते कलेक्टर ऑफिसात माहिती अधिकारात विचारा, अन् नसेल तर ग्रामसभेचा ठराव जोडून नाव टाकायचा अर्ज त्याच दिवशी देऊन या.