घोडं कुठे पेंड खातंय, पाल कधी चुकचुकली : प्रेमकथा आणि किशोरांच्या रहस्यकथांवर मत कसं बनवावं

पुस्तक मिटलं की बहुतेकांच्या तोंडून दोनच गोष्टी निघतात: "छान होतं" नाहीतर "शेवट फसला". माझंही वर्षानुवर्षं तेच चालायचं. भाची पंधरा वर्षांची असताना तिनं एका प्रेमकथेबद्दल मला विचारलं, "मावशी, छान म्हणजे नेमकं काय छान?" पुस्तक मी आदल्याच रात्री संपवलं होतं, तरी शेवटच्या वीस पानांपलीकडचं मला धड काही सांगता येईना. मधली तीनशे पानं वाचताना मी हसले होते, चिडले होते, एका ठिकाणी डोळ्यांत पाणीही आलं होतं. पण कुठे आणि का, ते सगळं शेवटाच्या गडबडीत पुसून गेलं होतं.

तेव्हापासून मी मत शेवटी बनवत नाही. ते वाचताना गोळा करते. आजच्या काळातल्या प्रेमकथा आणि किशोरवयीन मुलांच्या रहस्यकथा मी सर्वांत जास्त वाचते, म्हणून माझी पद्धत या दोन प्रकारांवरच घडली आहे. दोन्हींना "टाइमपास" म्हणून बाजूला सारणारे लोक खूप भेटतात. मला ते पटत नाही. या पुस्तकांचं काम अवघड आहे: एकीत शेवट सगळ्यांना आधीच ठाऊक असतो, दुसरीत तो शेवटपर्यंत लपवायचा असतो, आणि दोन्हींत वाचकाला पान उलटायला लावायचं असतं.

आधी पट्टी

कोऱ्या कागदाची एक उभी पट्टी कापा, पुस्तकात खूण म्हणून राहील एवढी. सोबत पेन्सिल. मोबाइलवर वाचत असाल तर नोंदींची सोय वापरा, पण नोंद चार शब्दांपेक्षा मोठी करू नका. लिहीत बसलात तर वाचन तुटतं. मी फक्त पानाचा आकडा आणि एक शब्द लिहिते. प्रेमकथेत तो शब्द असतो "पेंड", रहस्यकथेत "पाल". बाकी "हसले", "कंटाळा", "पुन्हा वाचलं" अशा साध्या नोंदी दोन्हीकडे चालतात. "कंटाळा" प्रामाणिकपणे लिहा. पुढे पुस्तक आवडलं की मागचा कंटाळा आपण विसरून जातो, आणि मग ज्याला आपण पुस्तक सुचवतो तो नेमका तिथेच अडकतो.

प्रेमकथा: घोडं कुठे पेंड खातंय

पहिली गोष्ट, प्रेमकथेवर "शेवट आधीच कळला" ही तक्रार करू नका. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकसंघटनेनं या प्रकाराची व्याख्या दोनच गोष्टींवर बसवली होती: प्रेमाची गोष्ट मध्यवर्ती हवी, आणि शेवट भावनिक समाधान देणारा, आशादायी हवा. म्हणजे दोघं एकत्र येणार हे लेखकानं पहिल्याच पानावर दिलेलं वचन आहे. वचन पाळलं म्हणून दोष कसा देणार? विचारायचं ते हे की इतकं सरळ असताना घोडं कुठे पेंड खातंय? ही दोघं तिसऱ्याच प्रकरणात एकत्र का येत नाहीत?

पामेला रेजिस या अभ्यासिकेनं २००३ साली आलेल्या आपल्या ग्रंथात प्रेमकादंबरीचे आठ घटक सांगितले: समाजाची मांडणी, भेट, अडथळा, ओढ, प्रेमाची कबुली, सगळं संपलंच असं वाटायला लावणारा क्षण, उमज आणि शेवटी जुळणं. आठही लक्षात ठेवायची गरज नाही. मी दोनांवरच पेन्सिल रोखते: अडथळा आणि उमज. अडथळा ज्या जातीचा, उमजही त्याच जातीची हवी. अडथळा मनातला असेल तर तो मनातूनच सुटायला हवा. नायिकेला कुणावर विश्वास टाकता येत नाही असं दोनशे पानं सांगितलं आणि शेवटी तिला हव्या त्या गावी नोकरी मिळाली म्हणून सगळं जुळलं, तर गाठ एकीकडे आणि सोडवणूक दुसरीकडे.

हे नीट बघायचं असेल तर जेन ऑस्टिनची १८१३ सालची "प्राइड अँड प्रेज्युडिस" हातात घ्या. एकसष्ट प्रकरणं आहेत. नायक डार्सी पहिल्यांदा मागणी घालतो ती चौतिसाव्या प्रकरणात, म्हणजे पुस्तक निम्मं सरल्यावर, आणि नायिका एलिझाबेथ त्याला धुडकावते. लगेच पुढे त्याचं पत्र येतं. ती ते पुन्हा पुन्हा वाचते आणि आपण माणसं ओळखायला चुकलो हे तिला कळतं. त्यानंतर आणखी वीसेक प्रकरणं दोघंही बदलत राहतात, आणि मग अठ्ठावन्नाव्यात दुसरी मागणी. आजच्या कादंबऱ्यांत साधारण पाऊण पुस्तक झालं की ताटातूट येते. ऑस्टिननं मोठा घाव मध्यावर घातला, म्हणून सावरायला अर्धं पुस्तक उरलं. ताटातूट शेवटून तीस पानांवर असेल तर सावरणं घाईत उरकलं जातं. म्हणून ताटातुटीचं पान पट्टीवर जरूर लिहा आणि पुढे किती पानं उरली ते मोजा.

गैरसमजाचा अडथळा असेल तर बहुतेक वाचक म्हणतात, "एक फोन केला असता तर मिटलं असतं." मला हा निवाडा घाईचा वाटतो. माणसं फोन करत नाहीत, हे आपण घरोघरी बघतो. प्रश्न असा विचारा की या माणसानं न बोलण्याचं कारण मला आधी दिसलं होतं का? वडिलांसमोर कायम गप्प राहणारी मुलगी प्रियकरासमोरही गप्प राहिली तर ते खरं वाटतं. एरवी वकिली थाटात भांडणारी मुलगी नेमकी त्याच संध्याकाळी मुकी झाली तर लेखिकेनं तिच्या तोंडावर हात ठेवलाय.

आता माफीचा प्रसंग. हा मी नेहमी दोनदा वाचते, कारण अख्खी कादंबरी तिथे तोलली जाते. समजा, त्यानं परगावच्या नोकरीसाठी अर्ज केला आणि तिच्यापासून लपवला. शेवटी तो पावसात भिजत येतो आणि म्हणतो, "मी चुकलो, तुझ्याशिवाय जगू शकत नाही." हे ऐकायला गोड आहे, पण यात त्याची चूक कुठे आहे? आता तोच प्रसंग असा बघा. तो म्हणतो, "अर्ज मी मार्चमध्ये केला आणि तुला मे महिन्यात सांगितलं. मधले दोन महिने तू आपल्यासाठी घर शोधत होतीस, आणि मी तुझ्यासोबत घरं बघत फिरलो." इथे त्याला कळलंय की त्यानं तिचं काय घेतलं. पाऊस नसला तरी चालेल. माफीत चुकीचं नाव घेतलंय की नुसतं दुःख, एवढंच तपासा. पुस्तकाचा निम्मा निकाल तिथे लागतो.

बाकीच्या परीक्षा झटपट. गोष्ट आळीपाळीनं दोघांच्या तोंडून असेल तर प्रकरणावरचं नाव बोटानं झाका आणि एक परिच्छेद वाचा. कोण बोलतंय ते कळलं पाहिजे. नायिका डॉक्टर, वास्तुविशारद, संपादक अशी कुणी असेल तर तिचं काम तिचा वेळ खातं का बघा. नुसती कपड्यांसारखी अंगावर चढवलेली नोकरी लगेच ओळखू येते. मैत्रिणीला स्वतःचं काही आयुष्य आहे की ती फक्त सल्ला द्यायला येते? शारीरिक जवळिकीच्या प्रसंगांवर "जास्त" किंवा "कमी" हे मत नव्हे. त्या प्रसंगानंतर दोघांच्या वागण्यात काय बदललं ते लिहा. काहीच बदललं नसेल तर प्रसंग फुकट गेला. आणि एक जण दुसऱ्याचा वरिष्ठ असेल, तर समोरच्याला "नाही" म्हणायची वाट मोकळी होती का, हे मी प्रत्येक वेळी तपासते. त्यात मी सूट देत नाही.

रहस्यकथा: पाल कधी चुकचुकली

इथे पट्टीचं काम वेगळं. पुस्तकाचे चार भाग करा आणि पाव, निम्मं, पाऊण अशा तीन थांब्यांवर संशयिताचं नाव लिहा. उत्तर बरोबर यायलाच हवं असं नाही. संशय कसा फिरला याचा माग हवा, कारण शेवट कळल्यावर "मला आधीच वाटलं होतं" असं प्रत्येकालाच वाटतं. पट्टी खोटं बोलू देत नाही.

भाचीची एक पट्टी माझ्याकडे अजून आहे. तिच्यावर लिहिलंय: "८० शिक्षक. १६० शिक्षक नाही, भाऊ. २४० पुन्हा शिक्षक." त्या कादंबरीत गुन्हेगार भाऊच निघाला. ती रागावली, "फसवलं मला!" आम्ही दोघींनी पानं मागे उलटली. पान १३४ वर भाऊ सांगतो की त्या संध्याकाळी तो घरी टीव्हीवर सामना बघत होता. आणि पान ६१ वर शेजारची बाई सहज कुरकुरते की त्या दिवशी संध्याकाळभर गल्लीत वीज नव्हती. माझ्या पट्टीवर ६१ पुढे "पाल?" असं प्रश्नचिन्हासकट होतं. तिच्या पट्टीवर काहीच नव्हतं, कारण त्याच पानावर शिक्षकाच्या गाडीतून रक्ताचा डाग निघाला होता आणि तिचं सगळं लक्ष तिकडे गेलं होतं. याला मी फसवणूक म्हणत नाही. दोन्ही गोष्टी लेखिकेनं आपल्या हातात दिल्या होत्या. फक्त एक देताना दुसरीकडे बोट दाखवलं होतं. भाचीचं मत तिथल्या तिथे बदललं, आणि तिला लिहायला काहीतरी नेमकं मिळालं.

रोनाल्ड नॉक्स नावाचा धर्मगुरू रहस्यकथाही लिहायचा. त्यानं १९२९ साली या प्रकाराचे दहा नियम मांडले. त्यातले दोन मला अजून उपयोगी पडतात. गुन्हेगार गोष्टीत लवकर दिसला पाहिजे, आणि शोध घेणाऱ्याच्या हाती लागलेला दुवा लगेच वाचकालाही दिसला पाहिजे. शेवटच्या पन्नास पानांत उगवलेला मामा गुन्हेगार निघाला तर पुस्तकाला बिनधास्त दोष द्या. पण नॉक्सच्या पहिल्या नियमाचा दुसरा अर्धा भागही आहे: ज्याच्या मनातलं वाचकाला वाचायला दिलंय तो गुन्हेगार असू नये. आजच्या किशोर रहस्यकथा मुद्दाम याच कुंपणावर चालतात. कॅरेन मॅकमॅनसच्या २०१७ सालच्या "वन ऑफ अस इज लाइंग"मध्ये शाळेतल्या एका मुलाच्या मृत्यूचा संशय चौघांवर येतो, आणि गोष्ट तेच चौघं आळीपाळीनं स्वतःच्या तोंडून सांगतात. अशा पुस्तकात नियम मोडला का हे मोजत बसू नका. निवेदकानं काय सांगितलं नाही आणि न सांगण्याचं कारण त्याच्या स्वभावात होतं का, ते बघा. म्हणजे पुन्हा प्रेमकथेतल्या गप्प राहण्याचाच प्रश्न. माझ्या मते म्हणूनच हे दोन प्रकार एकाच वाचकाला आवडतात.

किशोरांच्या रहस्यकथेला मोठ्यांच्या रहस्यकथेपेक्षा एक जास्तीचा प्रश्न पडतो: ही मुलं सरळ मोठ्यांकडे का जात नाहीत? हा प्रकार साधारण बारा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी लिहिला जातो, आणि त्या वयात गाडी नसते, पैसे नसतात, रात्री बाहेर पडायला परवानगी लागते. चांगली लेखिका या अडचणींतूनच गोष्ट काढते. होली जॅक्सनच्या २०१९ सालच्या "अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर"मधली पिप पाच वर्षांपूर्वीचं खूनप्रकरण शाळेच्या प्रकल्पासाठी उकरते. मुलीला प्रश्न विचारत फिरायचा हक्क कुणी दिला, याचं उत्तर तिथेच मिळतं. शिवाय तिच्या नोंदी आणि मुलाखती मधूनमधून तशाच छापल्या आहेत, त्यामुळे तिच्या हातातले कागद आपल्याही हातात येतात. याउलट जिथे सगळे पोलीस ढिम्म आणि सगळे आईबाप आंधळे, फक्त मुलं हुशार राहावीत म्हणून, तिथे मी पट्टीवर "सोय" असं लिहिते. तीन वेळा "सोय" आली की पुस्तक माझ्या मनातून उतरतं.

आणखी एक गोष्ट मी मनापासून बघते: मेलेल्या माणसासाठी कुणी रडतं का. या कथांत बऱ्याचदा एखादी मुलगी पहिल्या प्रकरणात मरते आणि पुढे तिचा फक्त फोटो, पासवर्ड आणि डायरी उरते. तिचं हसणं कसं होतं, ती कुणाशी वाईट वागली होती, तिच्या धाकट्या भावाचं काय झालं, हे कळलं नाही तर शोध कितीही चुरशीचा असो, मला आतून काही हलत नाही. सोळा वर्षांच्या वाचकाला मृत्यू हे कोडं म्हणून देताना त्याचं वजनही द्यायला हवं. यावर मत लिहिताना आवाज थोडा चढला तरी चालेल.

लिहायला बसल्यावर

पुस्तक संपल्यावर दोन दिवस थांबा, मग पट्टी समोर ठेवा. सर्वांत जास्त खुणा जिथे दाटल्या आहेत त्या एका जागेपासून सुरुवात करा. कथानकाचा सारांश तीन वाक्यांपलीकडे नको. तो पुस्तकाच्या पाठीवर असतोच. मग एकच प्रसंग घ्या आणि तो सावकाश उलगडा. "भाषा ओघवती आहे" हे वाक्य कोणत्याही पुस्तकावर चिकटवता येतं, म्हणून खोडा. "ती रागावली की वाक्यं तोडून बोलते आणि तो रागावला की फार सभ्य होतो" हे त्याच एका पुस्तकाबद्दल असतं.

रहस्यकथेवर लिहिताना मी निम्म्या पुस्तकापर्यंतच्याच गोष्टी उघड बोलते. शेवटाबद्दल बोलायचंच असेल तर तो न्याय्य वाटला की ओढूनताणून आणलेला, एवढंच सांगते. "शेवटी मोठा धक्का आहे" हेसुद्धा लिहीत नाही. तेवढं कळलं तरी वाचक पहिल्या पानापासून सावध होतो आणि शेजारच्या बाईची कुरकुर त्याच्या नजरेतून सुटत नाही.

तारे द्यायचे असतील तर सगळ्यात शेवटी द्या, आणि पाचपैकी तीन दिले असतील तर दोन कुठे गेले त्यांची पानं सांगा.

भाचीला पुस्तक देताना मी माझी पट्टी आधी काढून घेते आणि आत कोरी ठेवते. तिचं वाचून झालं की दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवतो. बोलायला सुरुवात करतो ती माझी पाल आहे आणि तिची नाही, त्या पानापासून.