रायफलचं बेडिंग: या चुका टाळा

बेडिंग म्हणजे अ‍ॅक्शनसाठी (रायफलचा बोल्ट जिथे बसतो तो धातूचा मुख्य भाग) स्टॉकमध्ये (दस्त्यासह लांब लाकडी भागात) इपॉक्सीची नेमकी बैठक करणं. ते करूनही ग्रुप (एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका) पसरत असेल, तर बहुतेक वेळा दोष इपॉक्सीचा नसतो. इपॉक्सी सुकताना अ‍ॅक्शन ताणलेली राहिलेली असते. स्क्रू आवळल्यावर अ‍ॅक्शन जराही वाकू नये आणि प्रत्येक गोळीनंतर ती नेमकी त्याच जागी बसावी, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप असतो. खालची मापं लाकडी स्टॉकमधल्या रेमिंग्टन 700 ची आहेत. भारतात शस्त्र अधिनियम, 1959 नुसार बंदुकीच्या दुरुस्तीला परवाना लागतो. त्यामुळे इथे हे काम परवानाधारक गनस्मिथकडेच द्या आणि खालचे मुद्दे त्याला विचारा.

इपॉक्सी ओली असताना स्क्रू आवळणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. स्क्रू आवळला की अ‍ॅक्शन खाली खेचली जाऊन किंचित वाकते आणि इपॉक्सी त्याच वाकड्या आकारात घट्ट होते. मग पुढे कितीही जपून आवळलं तरी ताण कायम राहतो. स्क्रूऐवजी बिनडोक्याचे स्टड लावा. ते अ‍ॅक्शनला फक्त दिशा देतात. नळीवर पुढच्या बाजूला टेपचे वेढे देऊन ती खाचेच्या मधोमध आणा. अ‍ॅक्शन हाताने दाबून बसवा आणि रबरी नळीचा हलका वेढा द्या, त्याहून जास्त जोर नको. लग (अ‍ॅक्शनखाली निघालेला, धक्का झेलणारा धातूचा तुकडा) आणि टँग (अ‍ॅक्शनचं मागचं टोक) यांभोवतीचं लाकूड पटाशीने साधारण 3 मिमी काढा, पण मधे मूळ लाकडाचा थोडा आधार ठेवा, नाहीतर अ‍ॅक्शनची उंची चुकते.

लगला चारी बाजूंनी चिकटवणे

रिकॉइलचा (गोळी सुटताना मागे बसणारा) धक्का फक्त लगच्या मागच्या सपाट बाजूने झेलायचा असतो. पुढची, खालची आणि दोन्ही कडेच्या बाजूंवर पीव्हीसी टेपचा एकेक थर लावा, मागची बाजू उघडी ठेवा. लगचा तळ इपॉक्सीवर टेकला तर अ‍ॅक्शन त्यावर डोलते, आणि काढताना-घालतानाही घासते.

रिलीज एजंटवर भिस्त ठेवून भोकं उघडी सोडणे

रिलीज एजंट म्हणून लावलेलं मेण इपॉक्सीला चिकटू देत नाही, पण खाचेत शिरून घट्ट झालेल्या इपॉक्सीपुढे त्याचं काही चालत नाही. ट्रिगर आधीच काढून ठेवा. पिनची भोकं, बोल्ट स्टॉपची फट आणि मॅगझिनच्या कडा प्लॅस्टिसीनने भरून बोटाने सपाट करा. नंतर रंगहीन बूटपॉलिशचे दोन हात द्या, प्रत्येक हात सुकू द्या. स्टडच्या आट्यांनाही मेण लागलंच पाहिजे. नेमकं तेच विसरलं जातं. तरीही अडकलीच तर स्टड काढून सगळं काही तास फ्रीझरमध्ये ठेवा, मग नळीला रबरी हातोडीने खालून हलकेच वर ठोका. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, लाकूड चिरतं.

मिश्रण अंदाजाने करणे

अ‍ॅक्राग्लास जेल आकारमानाने 1:1 मिसळतात. इतर इपॉक्सींचं प्रमाण डब्यावर पाहून वजनकाट्यावर मोजा. हार्डनर जास्त घातल्याने मिश्रण अधिक कडक होत नाही. घोटताना हवा शिरू देऊ नका, आणि आधी लगच्या कोपऱ्यात ठासून भरा. लगमागच्या बाजूवर बुडबुड्याचा मोठा खड्डा राहिला, तर तो भाग खरवडून पुन्हा करा. इतरत्र टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे चालतात. किमान 24 तास हात लावू नका, थंडीत जास्तच वेळ द्या.

स्क्रूचं भोक तंग ठेवणे

स्क्रूचा व्यास 6.35 मिमी आहे. भोक 7 मिमीचं हवं. स्क्रू भोकाच्या भिंतीला लागला तर धक्का लगऐवजी स्क्रूवर येतो. पुढचा स्क्रू लांब झाला तर तो बोल्टच्या लगला (हा वरच्या लगपेक्षा वेगळा, बोल्टवरचाच) अडतो, म्हणून स्क्रू आवळल्यावर बोल्ट फिरवून पाहा.

तपासणी न करणे

डायल गेज नळीला अडकवून त्याचं टोक फोरएंडवर (स्टॉकच्या पुढच्या भागावर) टेकवा आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल करा. काटा 0.05 मिमीपेक्षा जास्त हलला तर ताण आहे, बेडिंग पुन्हा करावं लागेल. मागच्या स्क्रूलाही तीच परीक्षा. अ‍ॅल्युमिनियमचे पिलर (स्क्रूभोवती स्टॉकमध्ये बसवलेल्या नळ्या) असतील तर टॉर्क (आवळण्याचा जोर) 65 इंच-पाउंड (सुमारे 7.3 न्यूटन-मीटर), नुसत्या लाकडावर 35 ते 40. काटा स्थिर राहूनही ग्रुप पसरत असेल, तर आधी दुर्बिणीच्या माउंटचे स्क्रू आणि नळीचं तोंड तपासा, बेडिंगला हात नंतर लावा.