इंदूरचे रोजचे फोटो काढताय? या चुका टाळा

इंदूरच्या हौशी फोटोंमध्ये तीन गोष्टी हटकून सापडतात: राजवाडा अगदी समोरून, पोह्यांची प्लेट वरून आणि सराफ्यातली गर्दी पाठीमागून. यांतला एकही फोटो वाईट नसतो, पण तो कुणी काढला ते काही ओळखू येत नाही. हातात महागडा कॅमेरा असो की जुना मोबाइल, काम बिघडतं ते बहुतेक वेळा बटण दाबण्याआधी. आपण कुठे उभे राहिलो, किती वेळ थांबलो आणि उजेड कुठून येतोय हे पाहिलं का, यावरच सगळं ठरतं.

तसा या शहराला हौशी फोटोग्राफीचा जुना वारसा आहे. लाला दीनदयाळ 1866 साली इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले. काम अंदाजपत्रकांचं आणि नकाशांचं. कॅमेरा त्यांनी इथेच, नोकरी सांभाळून हाती घेतला. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचा आश्रय मिळाला आणि पुढे ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्या काळी काचेची प्लेट एकदा वापरली की संपली. आपल्याला फुकटात शेकडो फोटो काढता येतात, आणि पहिली चूक तिथेच होते.

पटापट काढून पुढे जाणे

सकाळच्या पोह्यांच्या दुकानापाशी पाहा. लोक येतात, प्लेट हातात घेतात, वरून एक फोटो, की झालं. त्यापेक्षा दुकानदाराचा हात पाहा. पोहे, मग शेव, कांदा, चिमटीतून जीरावन (इंदुरी मसाला), वर लिंबू. हाच क्रम तो सकाळभर करत असतो. म्हणजे पहिल्या वेळी हुकलं तर तेच दृश्य मिनिटाभरात पुन्हा येणार आहे. एक जागा धरा, चौकट आधी ठरवा आणि हात त्या चौकटीत येण्याची वाट पाहा. सुरुवातीला लोक तुमच्याकडे बघतात, थोड्या वेळाने विसरतात. खरे फोटो त्यानंतरचे.

इंदुरी पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेत ठेवलेले असतात. ती वाफ डोळ्यांना दिसते, फोटोत येत नाही, अशी तक्रार खूपजण करतात. कारण साधं आहे. उजेड तुमच्या पाठीमागून येत असेल तर वाफ पुसली जाते. तो समोरून किंवा बाजूने यायला हवा आणि वाफेमागे काहीतरी काळोखं हवं, दुकानाचा आतला भाग चालेल. दोन पावलं सरकलं तरी फरक पडतो. हिवाळ्यात हे जास्त चांगलं जमतं.

राजवाडा मागे कललेला दिसणे

राजवाडा सात मजली आहे, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी. इतक्या उंच वास्तूच्या पायथ्याशी उभं राहून मोबाइल वर तिरपा केला की उभ्या रेषा वर जाऊन एकमेकींकडे कलतात. उपाय: मागे या, अगदी बागेच्या पलीकडे, मोबाइल ताठ उभा धरा आणि दुप्पट जवळ आणणारी 2x लेन्स वापरा. खाली रस्त्याचा भाग जास्त आला तर नंतर कापा. सेटिंगमधून ग्रिडच्या रेषा चालू केल्या की क्षितिजही वाकडं येत नाही.

पण मला विचाराल तर राजवाड्याचा आणखी एक सरळ फोटो कुणाला हवाय? त्याच्यासमोर फुगे विकणारा, शाळा सुटल्यावर सायकल हातात धरून गप्पा मारणारी पोरं, यांच्या मागे राजवाडा थोडा धूसर राहू द्या. इंदूरकराला तो तेवढ्यानेही ओळखू येतो.

घड्याळ पाहून उजेड ठरवणे

आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची, इंदूर आहे 75.9 अंशांजवळ. त्यामुळे इथला सूर्य घड्याळापेक्षा साधारण 26 मिनिटं मागे असतो आणि खरी दुपार साडेबाराच्या सुमारास होते. डिसेंबरात सूर्य सातच्या आसपास उगवतो, तेव्हा मऊ उजेड नऊ वाजेपर्यंत सहज मिळतो. जूनमध्ये तो पावणेसहाच्या सुमारासच वर येतो आणि आठला ऊन कडक झालेलं असतं. कर्कवृत्त शहराच्या थोडंच उत्तरेला असल्याने जूनच्या दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. तेव्हा माणसांना दुकानाच्या छपराखाली, ओटल्यावर, झाडाच्या सावलीत घ्या. मोबाइलच्या पडद्यावर त्या सावलीतल्या चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड मोजायला लावा, मागचं ऊन पांढरं पडलं तर पडू द्या.

सराफा: पट्टे, पिवळेपणा आणि उडता दहीवडा

सर्वांत जास्त फोटो बिघडतात ते इथे. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, ती बंद झाली की त्याच गल्लीत रात्री उशिरापर्यंत भुट्ट्याचा कीस, गराडू, खोबऱ्याचं पॅटिस आणि ताटभर जलेबा. उजेड मात्र दहा तऱ्हेचा: एका गाड्यावर पिवळा बल्ब, शेजारी निळसर एलईडी, वर लाल पाटी.

फोटोत आडवे काळपट पट्टे येतात, कॅमेरा बिघडला असं वाटतं. तो बिघडलेला नसतो. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे साधे एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण शटर (फोटोसाठी उजेड आत घेण्याचा वेळ) त्याहून वेगवान असलं की चौकटीचा काही भाग तेज क्षणात आणि काही मंद क्षणात टिपला जातो. प्रो मोडमध्ये, म्हणजे सेटिंग स्वतः ठरवता येतात तिथे, शटर 1/100 किंवा 1/50 सेकंद ठेवा, पट्टे जातात. व्हिडिओत हेच होत असेल तर सेकंदाला 25 किंवा 50 फ्रेम निवडा, किंवा सेटिंगमध्ये 50 हर्ट्झचा पर्याय असेल तर तो. काही पाट्यांची लुकलुक विजेच्या हिशेबाने चालतच नाही, तिथे शटर थोडं मागेपुढे करून पाहावं लागतं.

आता पंचाईत दहीवड्याची. दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलणाऱ्या विक्रेत्याला टिपायला 1/500 हवं, आणि तेवढं शटर ठेवलं की पट्टे परत. यावर तोड आहे. वर फेकलेली वस्तू सर्वांत उंच जागी क्षणभर थांबल्यासारखी होते. 1/100 वरच राहा, नजर द्रोणावर नव्हे तर तो पोहोचतो त्या उंचीवर ठेवा आणि तिथे बर्स्ट, म्हणजे एकापाठोपाठ फोटोंची माळ, सोडा. तो एकदा उडवून थांबणारा माणूस नाही. दुसऱ्या-तिसऱ्या फेकीला जमतंच.

पिवळेपणाचं म्हणाल तर सगळे रंग शुद्ध करायचा अट्टहास नको. ज्या दिव्याखाली चेहरा आहे त्या दिव्याप्रमाणे व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा यासाठीचं रंगाचं सेटिंग) ठरवा, बाकीचा उजेड रंगीत राहिला तर सराफा सराफ्यासारखा दिसतो. ऑटोवर सोडलं तर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येतो आणि एका ओळीत लावले की ते विजोड दिसतात.

सगळंच धुरकट आलं तर आधी लेन्स पुसा. कढयांजवळ उभं राहिलं की तेलाची वाफ काचेवर बसते, आणि आपलं बोट तर तिथे सारखं लागतच असतं. दिव्यांभोवती फुटलेले किरण आणि हिरवे ठिपके येतात. किरण बहुधा पुसल्यावर जातात. ठिपके लेन्सच्या आतल्या परावर्तनाचे असतात, म्हणून दिवा चौकटीबाहेर जाईल इतकं सरका.

नाइट मोड माणसांसाठी वापरू नका. तो अनेक फोटो घेऊन एकत्र करतो. गाडा स्पष्ट येतो, पण चालणारी माणसं मेणासारखी वितळतात. रिकाम्या गल्लीसाठी ठीक.

फोटो हलला म्हणजे नेमकं काय झालं?

‘हलला’ या एका तक्रारीत तीन वेगळे आजार असतात. फोटो मोठा करून पाहा. सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं असेल तर हात हलला आहे: कोपर अंगाला टेकवा, खांबाला टेकून उभे राहा. भिंत स्पष्ट आणि माणूसच फिसकटलेला असेल तर माणूस हलला: शटर वेगवान करा, किंवा तो थबकेल तेव्हा दाबा. माणूस धूसर पण मागची पाटी वाचता येतेय, तर फोकस चुकला: चेहऱ्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस तिथेच अडकून राहतो. तिन्हींवर एकच औषध म्हणून नवा मोबाइल घेणारे पुष्कळ भेटतात.

घरात आणि गणपतीत

इंदूरच्या मराठी घरांत, रामबागेत काय, लोकमान्य नगरात काय, आरतीच्या फोटोंची एक ठरलेली वाट लागते: फ्लॅश पडतो, निरांजनाची ज्योत मरते आणि आजीचे डोळे लाल. फ्लॅश बंद करा. ट्यूबलाइटही चालेल तर मालवा. उजेड ज्योतीवर न मोजता आजीच्या चेहऱ्यावर मोजा, मग पडद्यावरची सूर्याची खूण किंचित खाली ओढा.

हळदीकुंकवाला सगळ्या बायका एका फोटोत मावाव्यात म्हणून जास्त रुंद दाखवणारी 0.5 लेन्स लावली जाते. तिच्या कडांना असलेले चेहरे ताणले जातात. काकूंना कडेला उभं करून तो फोटो पाठवलात तर पुढच्या वर्षी बोलावणं येईलच असं नाही. मागे सरकून साध्या लेन्सने घ्या, जागा नसेल तर दोन ओळी करा.

अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या, म्हणजे दिव्यांनी सजवलेले फिरते देखावे, निघतात. गिरण्या बंद पडल्या, हुकुमचंद मिल तर 1991 पासून बंद आहे, तरी गिरणी कामगारांची ही परंपरा सुरूच आहे. मोबाइल काळोख पाहून फोटो उजळतो आणि दिव्यांचा पांढरा गोळा होतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, बरंच खाली आणा. झांकी डोळ्यांसमोरून गेली की मग मागे वळा: बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोराच्या तोंडावर तोच उजेड पडलेला असतो.

‘हे काय, रोजचंच आहे’

या चुकीवर कुठलं सेटिंग नाही. 2013 साली इंदूरचा बीआरटीएस, म्हणजे बससाठी रस्त्याच्या मधोमध राखलेला मार्ग, सुरू झाला. रोज हजारो लोक मधल्या थांब्यांवर उभे राहिले, काचेची दारं उघडण्याची वाट पाहत. 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो मोडायला घेतला. त्या थांब्यावर डबा घेऊन उभ्या असलेल्या आपल्या माणसाचा फोटो किती घरांत असेल? मेट्रोचा पहिला भाग त्याच वर्षी सुरू झाला, तिचे मात्र उद्घाटनाच्या दिवशीच ढिगाने फोटो निघाले. तुमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, जुन्या वाड्याचा लाकडी जिना, पिठाची गिरणी आजच घ्या. फोटोत पाटी, भाव लिहिलेला फळा, गाड्यांचे नंबर येऊ द्या. पुढे तारीख ओळखायला तेच उपयोगी पडतात.

न विचारणे, आणि विचारून लगेच दाबणे

लपूनछपून काढलेल्या फोटोत बहुतेकदा पाठ, कान किंवा अर्धा खांदा येतो. “भिया, एक फोटू ले लूँ?” एवढं इंदूरमध्ये पुरतं. विचारल्यावर माणूस छाती पुढे काढून उभा राहतो. तो फोटो घ्या, त्याला दाखवा, आणि तिथेच रेंगाळा. तो परत कामाला लागला की तुम्हाला हवा होता तो फोटो मिळतो. लहान मुलांच्या बाबतीत आईबापांना विचारायचं. कुणी नाही म्हणालं तर मोबाइल खिशात. देवळात फोटोची परवानगी आधी विचारावी.

पाठवताना बिघडवणे

घरच्या ग्रुपवर व्हॉट्सअ‍ॅपने फोटो टाकला की तो आकसतो. पुण्याच्या मामांना तो मोठा छापून घ्यायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मात्र तसं पाठवताना फोटोतली तारीख आणि जागेची नोंदही सोबत जाते, म्हणून घरातले आणि मुलांचे फोटो अनोळखी लोकांना त्या रीतीने देऊ नयेत. मूळ फोटो मोबाइलशिवाय आणखी एका जागी ठेवा आणि फोल्डरला ‘नवीन 2’ असं नाव न देता वर्ष, जागा, माणसं लिहा.

गेरमध्ये

रंगपंचमीला राजवाड्याच्या परिसरात गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, येते तेव्हा टँकरमधून रंगीत पाणी आणि वरून गुलालाचे लोट. गर्दीत शिरून काढलेले फोटो बहुतेक समोरच्याच्या डोक्याचे असतात. मार्गावरच्या एखाद्या ओळखीच्या घरी वरच्या मजल्याची खिडकी आधीच मागून ठेवा, आयत्या वेळी कुणी दार उघडत नाही. उडता रंग गोठवायला भर उन्हात 1/1000 शटर सहज मिळतं. कॅमेऱ्याची लेन्स तिथे बदलू नका. मोबाइल पारदर्शक पिशवीत ठेवा आणि लेन्ससमोरचं प्लास्टिक ताणून घ्या, सुरकुती राहिली तर सगळंच धूसर येतं. घरी आल्यावर गुलाल आधी मऊ कोरड्या ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसलात तर तो स्पीकरच्या भोकांत चिखल होऊन बसतो. चार्जिंगची पिन लावायची ती खाच पूर्ण वाळल्यावरच.